शंभरातले ब्याण्णव : एका गोलरक्षकाचा हिशेब

दहावीला शंभरपैकी ब्याण्णव पडले की घरी पेढे येतात. इंजिनीअरिंगला आल्यावर ब्याण्णव हा आकडा फक्त हजेरीच्या रकान्यात दिसतो, आणि तोही मोजक्याच लोकांच्या! पण जगात एक नोकरी अशी आहे की जिथे शंभरपैकी ब्याण्णव मिळवणारा माणूस जगातल्या सर्वोत्तमांत गणला जातो आणि नव्वद मिळवणाऱ्याला बाकावर बसवतात. मधल्या दोन मार्कांवर लाखो डॉलरचे करार ठरतात. ही नोकरी म्हणजे आइस हॉकीतल्या गोलरक्षकाची.

मित्रांनो, या लेखात मी पेक्का रिन्ने या फिनलंडच्या गोलरक्षकाची कारकीर्द सांगणार आहे. नाव ऐकलं नसेल तर बिघडत नाही. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं टर्फ डोळ्यांसमोर येतं, बर्फ येत नाही. पण या माणसाची गोष्ट वाचता वाचता मला आपल्या मॅथ्समधलं एक अख्खं युनिट समजलं, जे आपल्यातले बरेच जण सरळ ऑप्शनला टाकतात : प्रोबॅबिलिटी. म्हणून ही गोष्ट थोडी खेळाची आहे आणि थोडी गणिताची. गणित सोपं आहे, कॅल्क्युलेटर जवळ असला तर उत्तम.

आधी खेळ थोडक्यात

मैदान बर्फाचे, अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या लीगमध्ये २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर, त्यातला एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, म्हणजे पक. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन साधारण १६० ते १७० ग्रॅम. जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या लेदर बॉलएवढंच! ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोलपोस्ट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. चकती रेषेपार गेली की जाळीमागे लाल दिवा लागतो.

आता जरा आकडेमोड. चांगला खेळाडू ताशी १६० किलोमीटर वेगाने चकती मारू शकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४ मीटर. मैदानावरची निळी रेषा गोलरेषेपासून ६४ फुटांवर, म्हणजे साडेएकोणीस मीटरवर असते. क्रिकेटची खेळपट्टी साधारण वीस मीटरची. थोडक्यात, निळ्या रेषेवरून आलेला फटका म्हणजे जगातल्या सर्वांत जलद बोलरचा बॉल समजा, फक्त मध्ये आठ-दहा माणसं उभी आहेत आणि त्यातले अर्धे मुद्दाम तुमच्या डोळ्यांसमोर येतात. चकतीला पोहोचायला ०.४४ सेकंद लागतात. तोच फटका ३० फुटांवरून आला तर ०.२१ सेकंद. माणसाने एखादी गोष्ट पाहून हालचाल सुरू करायला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे हात हलायला लागेपर्यंत चकती जाळीत!

मग गोलरक्षक अडवतात कसे? याचं उत्तर मला फार आवडलं. बऱ्याच वेळा ते चकती 'पाहून' अडवतच नाहीत. चकती जिथे येणार तिथे ते आधीच उभे असतात.

उभं कुठे राहायचं?

कागदावर गोलपोस्ट काढा. समोर ३० फुटांवर एक बिंदू काढा, तो फटका मारणारा. बिंदूपासून दोन्ही खांबांपर्यंत रेषा ओढा. त्रिकोण झाला. गोलरक्षक रेषेवरच उभा राहिला तर त्याला ६ बाय ४, म्हणजे २४ चौरस फूट जागा झाकायची आहे. आता तो ५ फूट पुढे आला. समरूप त्रिकोणांच्या नियमाने तिथली रुंदी ६ × २५/३०, म्हणजे ५ फूट. चकती बर्फावरूनच उठते, त्यामुळे उंचीही त्याच प्रमाणात कमी : ४ × २५/३०, म्हणजे सुमारे ३.३ फूट. क्षेत्रफळ १६.७ चौरस फूट. फक्त दोन पावलं पुढे सरकून तीस टक्के काम संपलं! नववीतली भूमिती.

पण फुकट काहीच मिळत नाही. फटका मारण्याऐवजी त्या खेळाडूने चकती बाजूच्या साथीदाराकडे ढकलली, तर पुढे आलेल्या गोलरक्षकाला परत खांबापर्यंत जायला जास्त अंतर कापावं लागतं. मागे राहिलं तर जागा जास्त झाकावी लागते, पुढे आलं तर हालचाल जास्त करावी लागते. आपण डिझाइनमध्ये ज्याला ट्रेड-ऑफ म्हणतो तो हाच, फक्त इथे निर्णयाला सेकंदाचा काही भाग मिळतो.

यावर आजचे बहुतेक गोलरक्षक एक पद्धत वापरतात, तिला बटरफ्लाय म्हणतात. दोन्ही गुडघे आत घेऊन बर्फावर टेकवायचे आणि पायांचे पॅड दोन्ही बाजूंना पंखांसारखे आडवे पसरायचे. गोलपोस्टची खालची पट्टी झाकली जाते. वरच्या भागासाठी एका हातात झेल घेण्याचा मोठा मोजा, दुसऱ्या हातात चौकोनी ढाल आणि रुंद स्टिक. हे ऐकायला सोपं वाटतं. पण एका सामन्यात कितीतरी वेळा गुडघ्यांवर पडायचं आणि तितक्याच वेळा उठायचं, आणि प्रत्येक वेळी मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिन्ने ६ फूट ५ इंच उंच. त्याचा डावा हात, म्हणजे झेलाचा मोजा, विलक्षण चपळ. एवढ्या उंच माणसाने भिंत बनून स्वस्थ उभं राहावं असं आपल्याला वाटेल, पण तो झेपावून चकती हवेतल्या हवेत उचलायचा.

राखीव माणूस

रिन्नेचा जन्म ३ नोव्हेंबर १९८२ चा, फिनलंडच्या ओउलू शहराला लागून असलेल्या केम्पेले गावचा. ओउलूचा संघ कॅर्पॅट. या संघाने २००४ आणि २००५ अशी सलग दोन वर्षं फिनलंडची लीग जिंकली. रिन्ने दोन्ही वेळा संघात होता. पण होता म्हणजे कुठे? बाकावर. गोलपोस्टमध्ये निकलास बॅकस्ट्रॉम उभा असे, जो पुढे स्वतःही एनएचएलमध्ये खेळला.

राखीव गोलरक्षकाची अवस्था फार विचित्र असते. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू निदान पाणी घेऊन मैदानात जातो. आइस हॉकीत पुढे खेळणारे दर मिनिटाला बदलतात, सगळ्यांना थोडा थोडा खेळ मिळतो. गोलरक्षक मात्र एकच, आणि तो सहसा बदलत नाही. दुसरा पूर्ण पोशाख घालून, पॅड बांधून साठ मिनिटं बसून राहतो. रिन्नेला त्या काळात लीगचे मोजकेच सामने मिळाले.

एनएचएलचे संघ दर वर्षी नवीन खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्या कॅम्पस प्लेसमेंटसारखंच, फक्त इथे कंपनी तुम्हाला निवडते आणि तुमचं मत कोणी विचारत नाही. २००४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर रशियाचा अलेक्झांडर ओवेचकिन निवडला गेला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली... आठव्या फेरीत २५८ व्या क्रमांकावर अमेरिकेतल्या नॅशव्हिल प्रेडेटर्स या संघाने पेक्का रिन्नेचं नाव घेतलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. निवडली जाणारी बहुतेक मुलं अठराची असतात.

जो माणूस सामनेच खेळत नाही त्याला निवडलं कशावरून? नॅशव्हिलच्या स्काउटने त्याला प्रामुख्याने सामन्याआधीच्या वॉर्म-अपमध्ये पाहिलं होतं. तिकीट मुख्य सामन्याचं आणि पाहायचं कुणाला, तर सामना सुरू झाल्यावर बाकावर जाऊन बसणाऱ्याला! आणखी एक योगायोग : पुढच्याच वर्षापासून लीगने ड्राफ्टच्या फेऱ्या नऊवरून सातवर आणल्या. म्हणजे रिन्ने ज्या फेरीत निवडला गेला ती फेरीच आता अस्तित्वात नाही. एक वर्ष उशीर झाला असता तर त्याचं नाव कुणी घेतलं असतं का, कोण जाणे.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. २००५ पासून तीन हंगाम तो खालच्या लीगमधल्या मिलवॉकी अॅडमिरल्सकडे होता. २००६ मध्ये त्यांना अंतिम फेरीपर्यंत नेलं, तिथे हर्शी बेअर्सकडून हरले. एनएचएलमध्ये त्याला नियमित जागा मिळाली २००८-०९ च्या हंगामात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. तेव्हाही तो आला राखीव म्हणूनच. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर २९ विजय होते आणि सात सामन्यांत त्याने एकही गोल खाल्ला नव्हता. त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं नॅशव्हिलच्या गोलपोस्टमध्ये कोण, हा प्रश्न कुणाला पडला नाही. २०११-१२ मध्ये ४३ विजय, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त. ३ नोव्हेंबर २०११ ला, म्हणजे त्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, संघाने त्याच्याशी सात वर्षांचा ४ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला.

फिनलंडच का?

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. आपल्या पुणे शहरातच त्याहून फार कमी लोक राहत नाहीत. तरी एनएचएलच्या सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणारा व्हेझिना करंडक आतापर्यंत तीन फिनिश माणसांनी जिंकला आहे : २००६ मध्ये मिक्का किप्रुसॉफ, २०१४ मध्ये तुक्का रास्क आणि २०१८ मध्ये रिन्ने.

यामागे एक परंपरा आहे. उर्पो इलोनेन हे फिनलंडचे जुने गोलरक्षक, पुढे तुर्कू शहरात गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले. किप्रुसॉफ त्यांच्याच हाताखाली तयार झाला. फिनलंडच्या लीगमध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाला जो करंडक देतात त्याला त्यांचंच नाव आहे. जिथे गोलरक्षकांना शिकवणारा वेगळा माणूस असतो आणि त्याच्या नावाने करंडक असतो, तिथे लहान मुलांना ही जागा उरलेल्यांसाठीची वाटत नाही. आपल्या गल्लीत गोलकीपर कोण होतं आठवा. ज्याला खेळता येत नाही तो!

खुबा

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. मे २०१३ मध्ये रिन्नेच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. गोलरक्षकांना हे दुखणं पुष्कळ होतं, कारण वर सांगितलेलंच. तो हंगामाच्या सुरुवातीला परत आला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच खुब्यात ई. कोलाय जिवाणूंचा संसर्ग झाला. बायोलॉजी बारावीला सोडलेल्यांसाठी सांगते, हा जिवाणू साधारणपणे आपल्या आतड्यात राहतो. सांध्यात शिरला तर कूर्चा खराब करू शकतो. तिथे प्रश्न हॉकीचा राहत नाही, चालण्याचा होतो.

तो ५१ सामन्यांना मुकला. फेब्रुवारी २०१४ चं सोची ऑलिंपिकही गेलं. तिथे रास्कने गोलपोस्ट सांभाळली आणि फिनलंडने कांस्यपदक जिंकलं. रिन्ने मार्चमध्ये परतला. मे महिन्यात मिन्स्कला जागतिक स्पर्धा होती. मोठे खेळाडू हंगामाच्या शेवटी थकून अशा स्पर्धा टाळतात. रिन्नेला मात्र खेळ हवा होता. फिनलंड अंतिम फेरीत पोहोचलं, रशियाकडून ५-२ ने हरलं, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून रिन्नेची निवड झाली. पुढच्या हंगामात त्याने ४१ सामने जिंकले आणि पुन्हा एकदा व्हेझिनासाठी शेवटच्या तिघांत आला. करंडक नाही मिळाला. २०११, २०१२ आणि २०१५, तीनदा हेच झालं.

२०१७ : एकाच माणसाचे दोन चेहरे

नॅशव्हिल हे गाव कंट्री म्युझिकचं. बर्फाशी फारसा संबंध नाही, संघही १९९८ मध्ये सुरू झालेला. तिथले प्रेक्षक आनंदाच्या भरात बर्फावर मासे फेकतात, तेही चांगले मोठे कॅटफिश! २०१७ मध्ये हा संघ स्टॅन्ली कपच्या बाद फेरीत सोळापैकी सोळाव्या क्रमांकाने, म्हणजे शेवटच्या बाकावरून आला.

पहिली गाठ पडली शिकागो ब्लॅकहॉक्सशी, जे पश्चिम विभागात पहिले होते. नॅशव्हिलने चारही सामने जिंकले. पहिले दोन १-० आणि ५-०. चार सामन्यांत शिकागोने १२६ फटके मारले, रिन्नेने १२३ अडवले. मग सेंट लुइस, मग अॅनाहाइम. संघ इतिहासात पहिल्यांदा अंतिम फेरीत. समोर पिट्सबर्ग पेंग्विन्स.

२९ मे, पहिला सामना. पहिल्या भागात पिट्सबर्गने तीन गोल केले. नॅशव्हिलने झुंज देत ३-३ अशी बरोबरी केली. या काळात नॅशव्हिलने पिट्सबर्गला ३७ मिनिटं एकही फटका मारू दिला नाही. आता गोलरक्षकाच्या जागी स्वतःला उभं करा. सदतीस मिनिटं कोणी काही टाकत नाही, फक्त उभं राहायचं. अंग थंड पडतं, लक्ष मात्र ताणलेलं. आणि शेवटी जो फटका आला तो सरळ जाळीत. सामना ५-३ ने गेला, शेवटचा गोल रिकाम्या गोलपोस्टमध्ये. रिन्नेवर ११ फटके आले, ४ गोल झाले.

दुसऱ्या सामन्यात चार गोल खाल्ल्यावर त्याला बाहेर काढलं. तिसरा आणि चौथा घरच्या मैदानावर, ५-१ आणि ४-१, दोन्ही नॅशव्हिलने जिंकले आणि दोन्हींत रिन्ने उत्तम. पाचवा पिट्सबर्गला ०-६, तिथे पहिल्या भागानंतर पुन्हा बाहेर. ११ जूनचा सहावा सामना घरी. अठ्ठावन्न मिनिटं ०-०. शेवटची १ मिनिट ३५ सेकंद उरली असताना एक फटका गोलपोस्टच्या बाहेरून जाऊन मागच्या फळीवर आपटून परत आला, आणि पॅट्रिक हॉर्नक्विस्टने तो अवघड कोनातून रिन्नेच्या अंगाला लावून आत ढकलला. हा हॉर्नक्विस्ट मूळचा नॅशव्हिलचाच, २००५ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २३० वा खेळाडू! आठव्या फेरीतल्या माणसाला शेवटच्या क्रमांकाच्या माणसाने हरवलं. सामना २-० ने गेला, कप गेला.

मग खरा रिन्ने कुठला? १२६ पैकी १२३ अडवणारा की ११ पैकी ४ सोडणारा?

आता कॅल्क्युलेटर काढा

रिन्नेच्या पूर्ण कारकिर्दीचं प्रमाण ०.९१७. म्हणजे हजार फटक्यांत ९१७ अडवले, ८३ आत गेले. प्रत्येक फटका हे एक स्वतंत्र नाणं समजा, जे ८.३ टक्के वेळा उलटं पडतं. हीच बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन. एन म्हणजे फटक्यांची संख्या, पी म्हणजे ०.०८३.

पहिला प्रश्न. ११ फटक्यांत ४ किंवा जास्त गोल होण्याची शक्यता किती? शून्य गोलांची शक्यता ०.९१७ चा अकरावा घात, सुमारे ०.३८५. एक गोल ०.३८४, दोन ०.१७४, तीन ०.०४७. बेरीज ०.९९०. उरले ०.०१०. म्हणजे शंभरात एकदा.

दुसरा प्रश्न. १२६ फटक्यांत ३ किंवा कमी गोल? त्याच सूत्राने उत्तर येतं सुमारे ०.००६. हजारात सहा वेळा.

हे उत्तर आलं तेव्हा मी दोनदा तपासलं. ज्या रात्रीसाठी त्याला नावं ठेवली ती शंभरात एकदा येणारी, आणि ज्या मालिकेसाठी डोक्यावर घेतलं ती तर त्याहूनही दुर्मिळ! दोन्ही टोकं त्याच माणसाची, त्याच ०.९१७ ची. शिकागोविरुद्ध तो देव नव्हता आणि पिट्सबर्गला तो भित्रा झाला असंही नव्हे.

अर्थात सर लोक लगेच म्हणतील की हे मॉडेल ढोबळ आहे. बरोबर. सगळे फटके सारखे नसतात. ६० फुटांवरचा मोकळा फटका आणि ५ फुटांवरचा उसळलेला फटका यांचा पी वेगळा. ते स्वतंत्रही नसतात, दमलेल्या पायांनी पुढचा फटका अडवणं जास्त कठीण. पण ढोबळ मॉडेलसुद्धा एक गोष्ट पक्की सांगतं : ११ हा एन फार लहान आहे.

किती लहान, तेही काढता येतं. या प्रमाणातल्या स्टँडर्ड एररचं सूत्र आहे पी गुणिले क्यू भागिले एन, याचं वर्गमूळ. एन ११ घेतला तर उत्तर ०.०८३, म्हणजे प्रमाण सहज आठ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. एका हंगामाचे १८०० फटके घेतले तर ०.००६५. आणि पूर्ण कारकिर्दीचे? रिन्ने दर सामन्याला सरासरी २.४३ गोल खायचा. त्याला ०.०८३ ने भागा : सामन्याला सुमारे २९ फटके. ६८३ सामने, त्यातले काही अर्धवट, म्हणजे साधारण १८ ते २० हजार फटके. तिथे चूक ०.००२ वर येते. आता कुठे आपण म्हणू शकतो की ०.९१७ हा आकडा नशिबाचा नाही, माणसाचा आहे.

आणि त्या एका टक्क्याची किंमत? हंगामात १८०० फटके. ०.९१७ आणि ०.९०७ मध्ये फरक १८ गोलांचा. आइस हॉकीत कितीतरी सामने एका गोलाने ठरतात.

शेवटची वर्षं

२०१७-१८ मध्ये रिन्ने ३५ वर्षांचा होता. ५९ सामने, ४२ विजय, प्रमाण ०.९२७. संघ साखळीत संपूर्ण लीगमध्ये पहिला. बाद फेरीत विनिपेगविरुद्ध घरच्या मैदानावर सातवा, निर्णायक सामना. पहिल्या अकरा मिनिटांच्या आतच दोन गोल, रिन्ने पुन्हा बाकावर, सामना १-५. पुढच्याच महिन्यात व्हेझिना करंडक त्याच्या हातात! हा करंडक संघांचे जनरल मॅनेजर साखळी सामन्यांवरून मत देऊन ठरवतात. मोठा एन आणि लहान एन, एकाच वसंतात शेजारी शेजारी.

नंतर हळूहळू गोलपोस्ट युसे सारोसकडे गेली. तोही फिनिश, उंची मात्र फक्त ५ फूट ११ इंच. २०२०-२१ मध्ये बहुतेक सामने सारोसच खेळला आणि रिन्ने पुन्हा तिथे बसला जिथून त्याने सुरुवात केली होती. मधल्या काळात एक गंमत झाली. ९ जानेवारी २०२० ला शिकागोविरुद्ध, समोरच्यांनी गोलरक्षक काढून जास्तीचा खेळाडू उतरवला असताना, रिन्नेने आपल्या टोकाहून चकती उचलून मारली आणि ती थेट पलीकडच्या रिकाम्या जाळीत. आयुष्यभर गोल अडवणाऱ्याने सदतिसाव्या वर्षी गोल केला.

१० मे २०२१ ला कॅरोलायनाविरुद्ध तो शेवटचा खेळला. ५-०, एकही गोल न खाता. कारकिर्दीतला साठावा असा सामना. जुलैत निवृत्ती जाहीर केली. ३६९ विजय, तेव्हापर्यंत कुठल्याही फिनिश गोलरक्षकापेक्षा जास्त. त्याच वर्षी त्याला समाजकार्यासाठीचा किंग क्लॅन्सी पुरस्कार मिळाला. त्याने आणि साथीदार शे वेबरने कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी एक निधी उभारला होता. रिन्नेचा नंबर ३५, वेबरचा ६, म्हणून निधीचं नाव ३६५. २४ फेब्रुवारी २०२२ ला नॅशव्हिलने ३५ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्या संघाच्या इतिहासातली ही पहिली.

स्टॅन्ली कप मात्र त्याला कधीच मिळाला नाही. प्रोबॅबिलिटी त्या रात्रीचं कारण सांगते, पण कप परत आणून देत नाही. हेही लिहायलाच हवं, नाहीतर हिशेब अपुरा राहील.

आपल्यासाठी काय?

एक व्हायव्हा, एक इंटरव्ह्यू, एक सेमिस्टर, हे सगळे लहान एन आहेत. एका व्हायव्हात दहा प्रश्न विचारतात, चार चुकले की आपण रात्रभर मेसमध्ये जेवत नाही, आणि दहाही बरोबर आले की दुसऱ्या दिवसापासून पुस्तक उघडत नाही. रिन्नेचं गणित सांगतं की दोन्ही वेळा आपण नाण्याकडे बघतोय, स्वतःकडे नाही.

पण यातून पळवाट काढू नका. 'माझा एन लहान आहे' असं म्हणून प्रत्येक बॅकलॉग नशिबावर ढकलता येणार नाही. सरासरी मोठ्या आकड्यावर ठरते हे खरं, पण तो मोठा आकडा आपोआप तयार होत नाही. वीस हजार फटके समोर उभं राहूनच घ्यावे लागतात, आणि सामने मिळत नसतील तेव्हा वॉर्म-अप सुद्धा असा करावा लागतो की गॅलरीत बसलेल्या एखाद्याने वहीत नाव लिहून घ्यावं.

स्वाध्याय

१. फटका मारणारा २० फुटांवर आहे आणि गोलरक्षक ४ फूट पुढे आला. किती टक्के जागा वाचली?
२. पी ०.०८३ धरून, २९ फटक्यांच्या सामन्यात एकही गोल न खाण्याची शक्यता काढा. मग ६८३ सामन्यांत असे किती सामने अपेक्षित आहेत आणि रिन्नेचे प्रत्यक्ष किती, याची तुलना करा.
३. ही तफावत का आली असावी? इथे सूत्र पुरणार नाही, खेळ बघावा लागेल.